ओळखीचा दाखला आणि त्याची मुदत: संगणकीय प्रमाणपत्रांची घडण

६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमधील ‘ओटू’ या दूरसंचार कंपनीचे मोबाइल इंटरनेट पहाटेपासून बंद पडले. तीन कोटींहून अधिक ग्राहकांना त्याची झळ बसली. लंडनच्या बसथांब्यांवर गाड्यांच्या वेळा दाखवणारे फलकही निकामी झाले. त्याच दिवशी जपानमधील ‘सॉफ्टबँक’च्या ग्राहकांनाही असाच अनुभव आला. कोणी हल्ला केला नव्हता, की कोठे तार तुटली नव्हती. दोन्ही कंपन्यांना यंत्रणा पुरवणाऱ्या ‘एरिक्सन’च्या सॉफ्टवेअरमधील एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती.

एवढ्या मोठ्या यंत्रणेला थांबवणारे हे प्रमाणपत्र म्हणजे नेमके काय आणि आपल्या भागातील लहानशा संस्थेनेही त्याची काळजी का घ्यावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

गुप्तता आणि ओळख

इंटरनेटवरून जाणारा मजकूर सांकेतिक रूपात पाठवला की तो सुरक्षित झाला, अशी सर्वसाधारण समजूत असते. मात्र समोर कोण आहे हेच ठाऊक नसेल, तर त्या गुप्ततेला अर्थ उरत नाही. बंद पाकिटातले पत्र चोराच्याच हाती दिले, तर पाकीट कितीही भक्कम असून काय उपयोग?

येथे प्रमाणपत्राचे काम सुरू होते. पंचायतीने दिलेला रहिवासी दाखला बँक मान्य करते, कारण दाखला आणणारी व्यक्ती अनोळखी असली, तरी दाखल्यावरील शिक्का बँकेच्या ओळखीचा असतो. संगणकीय प्रमाणपत्राची रीत हीच आहे. प्रत्येक सर्व्हरकडे किल्ल्यांची एक जोडी असते. सार्वजनिक किल्ली सर्वांना दिली जाते. खासगी किल्ली सर्व्हरबाहेर जात नाही. ‘ही सार्वजनिक किल्ली अमुक संकेतस्थळाची आहे’ असे प्रमाणन प्राधिकारी आपल्या डिजिटल स्वाक्षरीनिशी सांगतो. ती साक्ष म्हणजेच प्रमाणपत्र.

आपल्या ब्राउझरमध्ये वा संगणकात विश्वासार्ह मानलेल्या मूळ प्राधिकाऱ्यांची यादी आधीपासूनच असते. मूळ प्राधिकारी मध्यस्थाला प्रमाणित करतो आणि मध्यस्थ संकेतस्थळाला. ब्राउझर ही साखळी उलट दिशेने तपासत जातो. सोबतच, खासगी किल्ली खरोखरच आपल्याजवळ असल्याचे सर्व्हरला स्वाक्षरी करून सिद्ध करावे लागते. म्हणूनच प्रमाणपत्राची नुसती नक्कल चोरून भागत नाही.

उभारणीचे टप्पे

संस्थेच्या संकेतस्थळासाठी ही व्यवस्था उभारताना प्रथम सर्व्हरवरच किल्ल्यांची जोडी तयार करावी. खासगी किल्ली ईमेलने पाठवणे किंवा सामायिक फोल्डरमध्ये ठेवणे म्हणजे तिजोरीची चावी दारावर टांगणे होय. त्यानंतर सार्वजनिक किल्ली आणि डोमेनचे नाव असलेली विनंती प्राधिकाऱ्याकडे जाते. डोमेन आपल्याच ताब्यात आहे हे दाखवण्यासाठी सर्व्हरवर ठरावीक मजकुराची फाइल किंवा डीएनएसमध्ये ठरावीक नोंद ठेवावी लागते. पडताळणी झाली की प्रमाणपत्र मिळते. ते बसवताना मध्यस्थ प्रमाणपत्रही सोबत जोडणे आवश्यक असते. ते राहून गेल्यास काही उपकरणांवर संकेतस्थळ सुरळीत उघडते, तर काहींवर धोक्याची सूचना येते आणि कारण शोधण्यात दिवस जातो.

खर्चाची सबब आता उरलेली नाही. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा तत्त्वावरील सेवा २०१५ पासून विनामूल्य प्रमाणपत्रे देत असून नूतनीकरणही आपोआप करता येते.

दोन्ही बाजूंची ओळख

नेहमीच्या वापरात फक्त सर्व्हर आपली ओळख पटवतो. काही ठिकाणी तेवढे पुरत नाही. समजा, एखाद्या पतसंस्थेचे मुख्य कार्यालय फोंड्यात असून शाखा डिचोली, साखळी आणि वाळपई येथे आहेत. शाखेतील संगणक खरोखर शाखेचाच आहे, याची खात्री मुख्य सर्व्हरला हवी असते. पासवर्ड फसवून काढून घेता येतो. त्याऐवजी प्रत्येक संगणकाला स्वतंत्र प्रमाणपत्र दिले, तर जोडणी होण्यापूर्वी दोन्ही बाजू परस्परांचे दाखले तपासतात आणि खासगी किल्ली कधीच तारेवरून जात नाही.

यासाठी संस्थेला स्वतःपुरता अंतर्गत प्राधिकारी नेमता येतो. त्याची मूळ किल्ली मात्र नेटवर्कशी न जोडलेल्या यंत्रावर, कुलूपबंद जागी ठेवावी आणि रोजच्या कामासाठी मध्यस्थ किल्ली वापरावी. एखादा लॅपटॉप हरवल्यास त्याचे एकट्याचे प्रमाणपत्र रद्द करता येते. अर्थात रद्द प्रमाणपत्रांची यादी सर्व्हर नेमाने तपासत असेल तरच.

साक्षीदारच फितूर झाला तर?

या व्यवस्थेचे मर्मस्थान म्हणजे प्राधिकारी. २०११ मध्ये नेदरलँड्समधील ‘डिजिनोटार’ या प्राधिकाऱ्याच्या यंत्रणेत घुसखोरांनी शिरून पाचशेहून अधिक बनावट प्रमाणपत्रे तयार केली. गुगलच्या नावाचे असे प्रमाणपत्र इराणमधील जीमेल वापरकर्त्यांवर पाळत ठेवण्यासाठी वापरले गेले. ब्राउझरांनी डिजिनोटारवरील विश्वास काढून घेतला आणि त्याच सप्टेंबरमध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली.

आपला देशही याला अपवाद ठरला नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मध्यस्थ प्रमाणपत्रांवरून गुगलच्या काही डोमेनसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे जुलै २०१४ मध्ये गुगलने उघड केले. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये कार्यरत असलेल्या प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकांनी ती मध्यस्थ प्रमाणपत्रे तातडीने रद्द केली. अशा घटनांतून धडा घेऊन प्रमाणपत्रांच्या जाहीर नोंदवह्या ठेवण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या डोमेनच्या नावाने कोणी परस्पर प्रमाणपत्र घेतले आहे का, हे आज कोणत्याही संस्थेला त्या नोंदवह्यांत पाहता येते.

सामान्य वाचकाने एक मर्यादा अवश्य ध्यानात ठेवावी. दाखला पत्त्याची साक्ष देतो, चारित्र्याची नव्हे. बँकेच्या नावाशी मिळतेजुळते डोमेन घेणाऱ्या भामट्यालाही त्या डोमेनचे खरेखुरे प्रमाणपत्र मिळू शकते. म्हणून सुरक्षिततेची खूण दिसली, तरी पत्ता अक्षरशः वाचावा. आणि बँकेच्या पानावर प्रमाणपत्राविषयी धोक्याची सूचना आली, तर ती ओलांडून पुढे जाऊ नये.

मुदत आखडत आहे

प्राधिकारी आणि ब्राउझर कंपन्यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० दिवस आणि २०२९ मध्ये अवघे ४७ दिवस होणार आहे. चोरीला गेलेली किल्ली फार काळ उपयोगी पडू नये, हा त्यामागील एक हेतू. वर्षातून एकदा आठवणीने करायचे काम आता स्वयंचलित केल्यावाचून गत्यंतर नाही.

तेव्हा प्रत्येक संस्थेने आपली प्रमाणपत्रे किती, ती कोठे बसवली आहेत, त्यांची मुदत केव्हा संपते आणि नूतनीकरणाची जबाबदारी कोणावर, याची नोंद आजच करून ठेवावी. संकेतस्थळ बनवून देणारा कंत्राटदार बदलला, कर्मचारी निवृत्त झाला, तरी ही नोंद दप्तरी राहिली पाहिजे.