मुंबई मॅरेथॉनला जाताय? बिब शनिवारपर्यंतच मिळतो
मुंबई मॅरेथॉन जानेवारीत रविवारी पहाटे सुटते. शनिवारी रात्रीची गाडी धरून थेट पळायला गेलात, तर फी आणि मेहनत दोन्ही वाया. कारण छातीवर लावायचा नंबर, म्हणजे बिब, स्पर्धेच्या दिवशी मिळत नाही. आधीच्या दिवसांत एक्स्पोत जाऊन, ओळखपत्र दाखवून तो घ्यावा लागतो. वेळ मोजणारी चिप त्यावरच असते. अलीकडे एक्स्पो वांद्रे-कुर्ला संकुलात भरतो. म्हणून जळगावहून शुक्रवारी रात्रीच निघा. धुळेकरांना चाळीसगावहून गाड्या जास्त. रविवारच्या पहाटेपर्यंत मुक्कामाची सोय आधीच करून ठेवा. एक्स्पोत बूट स्वस्त दिसले तरी नवे बूट घालून पळू नका, पायाला फोड येतात.