गच्चीवरचा रेडिओ बंद पडला, तर आधी तार तपासा!

मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ५ लाख २० हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजारांवर गेली. माणसांबरोबर इमारती वाढल्या आणि इमारतींच्या गच्च्यांवर आधी केबल टीव्हीच्या व नंतर इंटरनेटच्या तारा आल्या. केंद्र सरकारने २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त केला. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झचा मोठा पट्टाही घराबाहेर वापरण्यास मोकळा झाला. त्यामुळे दुकानातून गोदामापर्यंत किंवा भाईंदरच्या एखाद्या गाळ्यातून समोरच्या इमारतीपर्यंत बिनतारी जोडणी करणे लहान व्यापाऱ्यालाही परवडू लागले.

मात्र जोडणी बिनतारी असली तरी गच्चीवरच्या रेडिओला एक तार लागतेच. त्याच एका तारेतून माहितीही जाते आणि वीजही. या पद्धतीला ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ किंवा थोडक्यात ‘पीओई’ म्हणतात. गच्चीवर वेगळा प्लग लागत नाही, ही तिची सोय. पण बिघाड झाला की बहुतेक जण रेडिओलाच दोष देतात. चांगला रेडिओ काढून नवा बसवला जातो आणि चार दिवसांनी तोही बंद पडतो. आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी, अशी ही गत! यात ग्राहकाचा पैसा जातो आणि कारागिराचे नाव खराब होते.

विजेच्या दोन जाती

पहिली जात विचारून वीज देणारी. तिचे नियम आंतरराष्ट्रीय आहेत. २००३ च्या ‘८०२.३ एएफ’ नियमानुसार स्विच एका पोर्टवर १५.४ वॅटपर्यंत वीज देतो. २००९ च्या ‘एटी’ नियमाने ही मर्यादा ३० वॅट आणि २०१८ च्या ‘बीटी’ नियमाने ९० वॅट झाली. असा स्विच आधी अगदी कमी दाब सोडून पाहतो. समोरच्या यंत्रात सुमारे २५ हजार ओहमचा रोध सापडला, तरच तो ४८ व्होल्टच्या आसपास वीज सोडतो.

दुसरी जात न विचारता वीज देणारी, म्हणजे ‘पॅसिव्ह’. ती बहुधा २४ व्होल्टची असते. यूबिक्विटी आणि मायक्रोटिक यांचे कित्येक जुने रेडिओ याच जातीचे आहेत. असा रेडिओ नव्या पीओई स्विचला जोडला तर दिवाही लागत नाही, कारण स्विचच्या प्रश्नाला तो उत्तरच देत नाही. येथे बिघाड कशातच नसतो, जोडी चुकलेली असते. उलट, पॅसिव्ह अडॅप्टरची तार भलत्याच यंत्रात खुपसली तर ते यंत्र जळू शकते. म्हणून तार जोडण्यापूर्वी दोन्हीकडचे लेबल वाचावे. व्होल्ट जुळले पाहिजेत आणि अडॅप्टरचे वॅट यंत्राच्या गरजेपेक्षा थोडे जास्तच असले पाहिजेत.

तपासणीचा क्रम

दिवा लागत नसेल तर प्रथम अडॅप्टर पाहावा. त्यावर दोन खाचा असतात. ‘पीओई’ लिहिलेल्या खाचेतली तार रेडिओकडे आणि ‘लॅन’ लिहिलेली राउटरकडे जाते. ही अदलाबदल नेहमी होते. त्यानंतर रेडिओ खाली आणून एक-दोन मीटरच्या चांगल्या तारेने त्याच अडॅप्टरला जोडावा. तेथे तो चालला, तर रेडिओ आणि अडॅप्टर दोन्ही ठीक आहेत आणि दोष गच्चीपर्यंतच्या तारेत आहे. चालला नाही, तर त्याच व्होल्टचा दुसरा अडॅप्टर लावून पाहावा. एवढ्या दोन पायऱ्यांत बहुतेक वेळा निकाल लागतो.

तारेत आठ धागे असतात. पॅसिव्ह पद्धतीत चौथ्या-पाचव्या म्हणजे निळ्या जोडीतून धन आणि सातव्या-आठव्या म्हणजे तपकिरी जोडीतून ऋण वीज जाते. माहिती नारिंगी आणि हिरव्या जोडीतून जाते. म्हणून संगणक लावल्यावर तार चांगली वाटते, पण रेडिओ मात्र पेटत नाही. एकाच तारेतून दोन जोडण्या काढण्याची काटकसर केली असेल, तर विजेचे धागेच शिल्लक उरत नाहीत.

स्वस्त तारेचा महाग हिशेब

दिवा लागतो, पण वापर वाढला की रेडिओ पुन्हा पुन्हा बंद-चालू होतो, ही तक्रार सर्वांत फसवी. याचे मूळ बहुधा तारेत असते. शुद्ध तांब्याच्या १०० मीटर तारेतून २४ व्होल्टने अर्धा अँपिअर प्रवाह नेला, तर सुमारे ४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असलेल्या तारेत हा तोटा दीडपट किंवा अधिक होतो. रेडिओ रिकामा असताना मल्टिमीटर पूर्ण २४ व्होल्ट दाखवतो, काम सुरू झाले की दाब कोसळतो. म्हणून दाब नेहमी रेडिओ चालू असतानाच मोजावा. धागा ब्लेडने खरवडून पाहावा. आत पांढरा निघाला तर ती तार पीओईच्या कामाची नाही.

कॅमेऱ्यांचेही असेच. दिवसा नीट चालतात आणि अंधार पडताच बंद होऊ लागतात, कारण रात्री त्यांचे इन्फ्रारेड दिवे लागून विजेची गरज वाढते. स्विचच्या प्रत्येक पोर्टवर ३० वॅट लिहिले असले तरी सर्व पोर्ट मिळून किती वॅट मिळतात, तो आकडा वेगळा असतो. खरेदी करताना तोच विचारावा.

खारा वारा आणि पावसाळा

आपल्या शहराच्या पश्चिमेला समुद्र आणि उत्तरेला वसईची खाडी. उत्तन भागात तर खारा वारा थेट यंत्रावर येतो. कनेक्टरमध्ये ओल शिरली की विजेमुळे धातूची टोके झपाट्याने गंजतात आणि हिरवट थर धरतात. म्हणून बाहेर काळ्या आवरणाची, उन्हात टिकणारी तार वापरावी. रेडिओचे तोंड खाली ठेवावे, तारेला खाली झोळ देऊन मगच वर न्यावी आणि कनेक्टरवर रबरी टेप गुंडाळावी. खांबाला अर्थिंग हवेच. ही कामे जूनपूर्वी उरकली, तर पावसात गच्चीवर चढण्याची वेळ येत नाही.

धंद्याची गोष्ट

आज दुकानातले क्यूआर कोडचे पैसे, मालाच्या ऑर्डरी आणि कॅमेरे सारे या एका तारेवर टांगलेले आहे. दोन तास जोडणी तुटली की गल्ल्यावर परिणाम दिसतो. या कामात आपल्या तरुणांना चांगला रोजगार आहे. त्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. मल्टिमीटर, तार तपासणारा टेस्टर, क्रिंपिंगचे हत्यार, एक चांगली छोटी तार आणि दोन व्होल्टचे दोन अडॅप्टर पिशवीत असले की पुरे. मात्र मापात पाप नको. बिलावर ‘शुद्ध तांब्याची तार’ असे लिहून तीच द्यावी आणि तपासणीची मजुरी मोकळेपणाने मागावी. ग्राहकानेही ती आनंदाने द्यावी, कारण नव्या रेडिओच्या किमतीपेक्षा ती कमीच असते.