उन्हात तडकलेला डॅशबोर्ड

पळसदेवचं उन्हाळ्यातलं ऊन कडक. उजनी धरणाचं पाणी ओसरून पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं, त्याच दिवसांत सोलापूर रस्त्यालगत उभ्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचा डॅशबोर्ड तापून निघतो.

कुर्ल्यात तयार झालेली ही गाडी मुंबईत टॅक्सी म्हणून 2023पर्यंत धावली. मला ती फार प्रिय. जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डवरचं रेक्झिन म्हणजे पीव्हीसी. मूळचं हे प्लास्टिक कडक; त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यांमुळे ते लवचीक राहतं. उष्णतेनं ती द्रव्यं उडतात, अतिनील किरण रेणूंच्या साखळ्या तोडतात आणि पृष्ठभागाला भेगा पडतात.

असा डॅशबोर्ड नव्यानं रंगवायचा, तर त्यावरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. मग स्क्रू शोधा. पट्टी हलत नसेल, तर कुठेतरी एखादा लपलेला आहे. पेचकसानं उचकटू नका, प्लास्टिकची पाचर वापरा. हिवाळ्यात आधी हेअर ड्रायरनं ऊब द्या, कारण थंड प्लास्टिक ठिसूळ असतं.

काढलेल्या पट्ट्या साबणानं धुऊन, बारीक पॉलिश पेपरनं पाण्यात घासून प्लास्टिकचा प्रायमर द्या. रंगाचे हात पातळच हवेत. जाड थर ओघळतो. वरच्या भागाला चकचकीत रंग नकोच! दुपारी त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं नि रस्ता दिसेनासा होतो.