कानशिलावर बोट ठेवून बघा

पोरं शाळेतून येतात आणि विचारतात, "आई, आपण पालीपासून झालो का गं?" आमच्या गटांत या प्रश्नावर हसणं पुष्कळ झालं, पण पोरांना उत्तर हवं असतं. म्हणून आज तोच विषय.

हातातलं काम जरा बाजूला ठेवा. दोन बोटं कानशिलावर टेकवा आणि दाढा घट्ट आवळा. बोटांखाली काहीतरी फुगून वर येतं ना? तो जबड्याचा स्नायू. गालाच्या हाडाची जी कमान हाताला लागते, तिच्या आतून तो खाली उतरतो आणि खालच्या जबड्याला धरतो. त्याला उतरायला कवटीत वाट आहे. ही वाट पहिल्यापासून नव्हती.

कॅनडातल्या नोवा स्कॉशिया प्रांतात समुद्रकाठी जॉगिन्स नावाची जागा आहे. तिथल्या कड्यांत जुन्या झाडांची खोडं उभीच्या उभी दगड झालेली दिसतात. झाडं गाळात गाडली गेली, आतून कुजून पोकळ झाली. त्या पोकळीत लहान प्राणी पडले किंवा आसऱ्याला शिरले, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. पण मेले तिथेच. आम्हाला तर उघड्या विहिरीत पडणारी जनावरं आठवली. अशाच खोडातल्या एका प्राण्याला विल्यम डॉसन यांनी १८६० साली 'हायलोनोमस' म्हणजे रानात राहणारा असं नाव दिलं. सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीचा हा जीव शेपटीसकट जेमतेम वीतभर. दात बारीक, टोकदार. किडे खात असावा. आणि कवटी? डोळ्यामागे सगळी हाडानं बंद. जबड्याचे स्नायू आत कोंडलेले.

पुढे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या कवट्यांत बदल दिसतो. नोवा स्कॉशियातच सापडलेल्या आर्किओथायरिसला डोळ्यामागे दोन्ही बाजूंना एकेक भोक आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पेट्रोलॅकोसॉरसला दोन-दोन. भोक पडल्यानं कवटी दुबळी झाली असं वाटेल, पण भोकाच्या कडेला स्नायूला पकड चांगली मिळते आणि फुगायला जागाही होते, असं अभ्यासक मानतात.

एका भोकाच्या फांदीवर गाय, शेळी, कुत्रा आणि आपण. दोन भोकांच्या फांदीवर मगर, पाल, साप आणि, खरं सांगतो, आपली कोंबडीसुद्धा! कासवाच्या कवटीला भोक नाही, तरी नव्या अभ्यासात तेही याच फांदीवर बसतं.

तेव्हा पोरांना सांगा, पाल आपली आजी नव्हे. फार फार लांबची चुलत बहीण म्हणा हवं तर. या दोन फांद्या ३० कोटी वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या होत्या.

दोन भोकांच्या फांदीवरही पुढे फेरबदल झालेच. सरड्याची खालची कमान गेली, सापाच्या तर दोन्ही गेल्या. जबड्याची हाडं इतकी सैल झाली, की स्वतःच्या डोक्याहून मोठा उंदीर तो सबंध गिळतो.