यवतमाळचे जुने रेल्वे स्टेशन

दिवाळीच्या सुट्टीत मी आजोबांसोबत यवतमाळला गेलो होतो. बाजार झाल्यावर आजोबा म्हणाले, "चाल, तुले शकुंतलेचं स्टेशन दाखवतो."

आता तेथे गाडी येत नाही. तिकिटाची खिडकी बंद आहे. रुळांवर गवत वाढले आहे.

हा मार्ग किलिक निक्सन या इंग्रज कंपनीचा. यवतमाळहून लाडखेड, दारव्हा मोतीबाग, कारंजा व शेवटी मूर्तिजापूर, असे ११३ किलोमीटर. दोन रुळांमध्ये अंतर फक्त अडीच फूट! ही सारी स्टेशने मुख्यतः कापसासाठी झाली. मूर्तिजापूरला गाठी मोठ्या गाडीत चढवीत. तेथून मुंबई बंदर, मग जहाजाने मँचेस्टरच्या गिरण्या. गंमत म्हणजे १९२१ साली मँचेस्टरलाच तयार झालेले वाफेचे इंजिन या रुळांवर १९९४ पर्यंत धावले. कापूस तिकडे गेला, इंजिन तिकडून आले.

पुढे लहान स्टेशनांवर माणसेच उरली नाहीत. गाडीतलेच कर्मचारी उतरून तिकिटे देत व फाटक लावीत.

"दारव्ह्याले आम्ही याच गाडीनं जाऊ. एसटीपेक्षा भाडं भलतंच कमी," आजोबा म्हणाले. ते बंद खिडकीजवळ थोडा वेळ उभे राहिले. मग आम्ही एसटी स्टँडवर आलो.