आधी कृपा, मग काम

ख्रिस्ती माणूस सेवा करतो ती स्वर्गात जागा मिळावी म्हणून, हा समज आपल्याकडे इतका मुरला आहे की तो कुणी तपासून पाहत नाही. सिस्टर कुष्ठरोग्याच्या जखमा धुतात, म्हणजे पुण्य जोडत असणार. पाप-पुण्याचा हिशेब आपल्या अंगवळणी पडल्यामुळे हे सरळ वाटते. ख्रिस्ती शिकवण मात्र नेमकी उलट आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की तारण हे देवाचे दान आहे, ते कर्मांनी कमावता येत नाही, त्यामुळे त्याची फुशारकीही कुणाला मारता येणार नाही. आणि लगेच पुढे म्हणतो, आपल्याला घडवले आहे ते सत्कर्मांसाठीच. म्हणजे आधी कृपा, मग काम.

या क्रमावरून सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर आणि रोम यांच्यात मोठा वाद पेटला आणि चर्च दुभंगले. कॅथलिक लोक सत्कर्मांच्या जोरावर स्वर्ग मिळवू पाहतात, हा आरोप त्यानंतर शेकडो वर्षे होत राहिला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या औग्सबुर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघाने एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. देव माणसाला स्वीकारतो तो कृपेने, कुणाच्या पुण्याईमुळे नाही, आणि सत्कर्मे हे त्या स्वीकाराचे फळ आहे, हे दोघांनी मिळून मान्य केले.

मग कमवायचे काहीच नसेल, तर माणसे आयुष्य का वाहून टाकतात? मला याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर पंडिता रमाबाईंच्या आत्मनिवेदनात सापडते. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम भागातले आपले काम दाखवले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे आसरा होता. त्यांतल्या काही जणी आता स्वतःच इतरांची शुश्रूषा करत होत्या. अशा बायकांना कुणी इतक्या मायेने वागवते, हे रमाबाईंनी त्याआधी पाहिले नव्हते. तरुण विधवा म्हणून समाजाची नजर काय असते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांनी सिस्टरना विचारले, तुम्हांला या बायकांची एवढी काळजी का वाटते? सिस्टरनी विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. त्या बाईला पाच नवरे होऊन गेले होते, आणि आता ज्याच्याबरोबर राहत होती तो तिचा नवरा नव्हता. येशूने तिला झिडकारले नाही. तिच्याजवळ प्यायला पाणी मागितले, तिच्याशी देवाविषयी बोलला. सिस्टरच्या दृष्टीने त्यांच्या कामाचे कारण एवढेच होते : ज्याने आम्हांला असे वागवले, त्याच्यासारखे आम्ही वागतो.

त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण पुढे त्यांनी स्वतःच लिहिले आहे की त्यांना ख्रिस्ती धर्म पटला होता, ख्रिस्त मात्र भेटला नव्हता. तारण फुकट मिळते, हे मनात उतरायला आणखी आठेक वर्षे गेली. तोवर, १८८९ साली, मुंबईत विधवांसाठीचे शारदा सदन सुरू झालेही होते. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, आणि केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले होते. त्या स्वतः अन्नावाचून राहिल्या होत्या. सेवेमागे श्रद्धा असते तशी भोगलेली भूकही असते, आणि एकीमुळे दुसरीची किंमत कमी होत नाही.

रमाबाईंचे नाव निघाले की धर्मांतराचा प्रश्न येतोच, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. तिथे मुलींना ख्रिस्ती केले जाते, असा आरोप १८९३ साली शारदा सदनावर झाला. रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले, पालकांनी पुष्कळ मुली परत नेल्या. आपल्याला मिळालेली सुवार्ता दुसऱ्याला सांगावी असे श्रद्धावान ख्रिस्ती माणसाला वाटते, हे खरे आहे आणि ते लपवणे बरोबर नाही. पण सेवा हे माणसे ओढण्याचे आमिष आहे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मिशनकार्यावर काढलेल्या दस्तऐवजात सक्ती करून किंवा भलत्या मार्गांनी भुलवून कुणाला श्रद्धेकडे आणण्यास सक्त मनाई केली आहे. हा नियम कुणी मोडला, तर तो स्वतःच्याच चर्चची शिकवण मोडतो.

सिस्टर होणाऱ्या मुलींविषयी तर फारच सहज बोलले जाते. घरची गरिबी असेल, प्रेमभंग झाला असेल, आईबापांनी पाठवले असेल. कॅथलिक चर्चचा कायदा वाचला तर चित्र वेगळे दिसते. सतरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज नवदीक्षितांत, म्हणजे व्रतांआधीच्या तयारीच्या टप्प्यात, प्रवेश नाही. धाक, जबरदस्ती किंवा फसवणूक करून दिलेला प्रवेशच अवैध ठरतो. नवदीक्षित म्हणून किमान एक वर्ष, त्यानंतर किमान तीन वर्षे तात्पुरती व्रते, आणि मगच ब्रह्मचर्य, अकिंचनता व आज्ञापालन ही व्रते कायमची घेता येतात. या काळात परतीचा रस्ता मोकळा असतो, आणि परत जाणाऱ्या मुली असतातही.

ही माणसे पगारासाठी सेवा करतात, असाही आक्षेप घेतला जातो. त्याला रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली कृतीने उत्तर दिले. मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला.

शिवाय देवाची सेवा म्हणजे फक्त फादर-सिस्टरांचे काम, हेही खरे नाही. चांभाराचे आणि दूध काढणाऱ्या बाईचे काम साधूच्या जपतपाहून देवाला कमी नाही, असे ल्यूथरने ठासून सांगितले. बाख आपल्या चर्च-संगीताच्या हस्तलिखिताखाली ‘केवळ देवाच्या गौरवासाठी’ या अर्थाची तीन लॅटिन आद्याक्षरे घालत असे. आणि पवित्र गुरुवारी वसईच्या एखाद्या चर्चमध्ये जाऊन पाहावे. फादर अंगावरचा झगा काढून ठेवतात, कमरेला टॉवेल बांधतात, गुडघ्यांवर बसतात आणि बारा जणांच्या पायांवर तांब्याने पाणी ओतून ते पुसतात. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. पाय धुणे हे त्या काळी गुलामाचे काम होते. समोर बसलेले बारा जण पाद्री नसतात, गावातलेच असतात. २०१६पासून त्यांत स्त्रियाही बसू शकतात.

राहिला सर्वांत गोड गैरसमज : सेवा करणाऱ्याला देव सतत जवळ जाणवत असणार, त्या आनंदावरच तो जगत असणार. मदर तेरेसांची खासगी पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. मधला अल्पसा काळ सोडला तर जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना प्रार्थनेत कोरडेपणा आणि पोकळीच जाणवत होती. कोलकात्यातले मरणासन्न लोक उचलून आणण्याचे काम त्या याच अवस्थेत करत होत्या. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हे पुण्यात ईशज्ञान शिकवणारे जेझुइट धर्मगुरू जोसेफ नॉयनर यांच्यापुढे मांडले. नॉयनर यांनी त्यांना अंधार घालवण्याचा उपाय दिला नाही. देवाची एवढी ओढ लागणे हीच तो आत असल्याची खूण आहे, आणि हा अंधार येशूच्या दुःखातला वाटा आहे, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर मदरनी त्यांना कळवले की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना हा अंधार प्रिय वाटू लागला आहे. तो अंधार गेला मात्र नाही. काम १९९७पर्यंत, त्यांच्या मृत्यूपर्यंत, चालू राहिले.