टेकडीचे आरक्षण आणि आठ टक्क्यांचा हिशेब

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त होणाऱ्या मराठी माणसासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो घराचा. सेक्टरमधील क्वार्टर कंपनीचे. सेवा संपली की ते सोडायचे. या शतकाच्या आरंभी काही क्वार्टर दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले खरे. तरीही अनेकांची भविष्य निर्वाह निधीची पुंजी अखेर पुण्याच्या वाटेने जाते. बावधन, वारजे, धायरी ही नावे म्हणूनच भिलाईतील मराठी घरांना परकी नाहीत. तेथील सदनिकांची जाहिरात ‘टेकडीच्या कुशीत’ अशी केली जाते. ती टेकडी उद्याही मोकळीच राहील काय, याची हमी मात्र जाहिरातीत नसते. सरकारी दप्तरात ती आहे, पण अर्धीमुर्धी.

भिलाईत हा वाद उद्भवलाच नाही. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर कारखाना आणि वसाहत यांची आखणी एकाच हाताने झाली. १९७२ मध्ये मैत्रीबाग उभी राहिली तेव्हा जागेसाठी कोणाची मनधरणी करावी लागली नाही, कारण जागेचा धनी कारखानाच होता. ज्या खेड्यांच्या शेतांवर हे सारे वसले, त्यांचा हिशेब त्यापूर्वीच मिटविण्यात आला होता. तो न्यायाने मिटला की नाही, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. (भिलाई सपाटीवर आहे. तिची टेकडी दल्ली-राजहऱ्याला, आणि ती लोहखनिज होऊन भट्टीत जाते.)

पुण्याच्या टेकड्यांना असा एक धनी नाही. तेथे सातबाऱ्यावर शेतकऱ्यांची नावे आहेत, वारसांची आहेत आणि दूरदृष्टीने जमिनी घेऊन ठेवणाऱ्यांचीही आहेत. १९९७ मध्ये पुणे महापालिकेत ३८ गावे समाविष्ट झाली. पुढे काही गावे वगळून २३ उरली. या गावांच्या विकास आराखड्यात सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे, म्हणजे ‘बीडीपी’चे, आरक्षण सुचविण्यात आले. माजी महापौर आणि पुढे २०१२ ते २०२४ या काळात राज्यसभेच्या सदस्य राहिलेल्या वंदना चव्हाण यांनी या कल्पनेचा सातत्याने पाठपुरावा केला. जागामालकांनी तीव्र विरोध केला. उतारावर थोडे बांधकाम होऊ द्यावे, म्हणजे टेकडीही राहील आणि मालकही, असे मधल्या फळीचे म्हणणे होते. ही फूट पक्षांच्या सीमारेषांवर पडली नाही. त्यामुळेच निर्णय लांबला. कोणत्याही सरकारला आपल्याच माणसांना दुखवायचे नव्हते.

२०१५ मध्ये देवेंद्र फडणवीस सरकारने निर्णय दिला: आरक्षण कायम, बांधकाम नाही आणि मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआर. याचा अर्थ सोप्या गणिताने पाहावा. एक एकर, म्हणजे ४० गुंठे जमीन उद्यानाला देणाऱ्याच्या हाती ३.२ गुंठ्यांचा, जेमतेम साडेतीन हजार चौरस फुटांचा हक्क येतो. शाळेसाठी वा रस्त्यासाठी जमीन गेली तर हाच मोबदला क्षेत्राच्या पटीत मिळतो. या दराने मालक जमीन स्वखुशीने देईल, अशी अपेक्षा मंत्रालयातही कोणी बाळगली असेल असे वाटत नाही.

परिणाम उघड आहे. नकाशावर हिरवा रंग आणि जागेवर गुंठ्यागुंठ्याने झालेली विक्री. अशी घरे घेणारा बहुधा बाहेरगावाहून आलेला, स्वस्ताला भुललेला नोकरदार असतो. त्याला दोष देणे सोपे आहे; पण सरकारला तरी हे आरक्षण कितपत अभेद्य वाटते? २०१८ मध्ये कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोची जागा मेट्रोकडे गेली, तेव्हा नियोजित शिवसृष्टीसाठी चांदणी चौकाजवळची बीडीपीचीच जागा पुढे करण्यात आली.

कागदावरचे संरक्षण किती टिकते, याचा धडा मुंबईने दिला आहे. मुलुंड परिसरातील जमिनींना १९५०च्या दशकात वनकायद्याखाली नोटिसा निघाल्या. पुढची कार्यवाही झाली नाही. दरम्यान परवानग्या मिळाल्या, इमारती उठल्या, कुटुंबे राहावयास आली. अर्धशतकानंतर सरकारला ही ‘खासगी वने’ असल्याचे स्मरण झाले. उच्च न्यायालयाने २००८ मध्ये सरकारची बाजू मान्य केली, परंतु ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. सदनिकाधारक सुटले. वनाचा दावा मात्र सरकारने आपल्याच आळसापायी गमावला.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने नगरनियोजन, नागरी वनीकरण आणि उद्याने हे विषय बाराव्या अनुसूचीत घातले. १९९३ मध्ये ती अमलात आली तेव्हा शहरे आपले आराखडे आपण ठरवतील असे संसदेत मानले गेले. प्रत्यक्षात अधिकार किती द्यायचे हे राज्यांवर सोपविलेले असल्याने आराखड्यावर अखेरची सही मंत्रालयाचीच होते आणि संपादनाचे देयक येते महापालिकेकडे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरी जमिनीला बाजारभावाच्या दुपटीएवढा मोबदला ठरविला आहे. त्या दराने ९७८ हेक्टर विकत घेणे पुण्याला झेपणारे नाही, हे मान्य करावे लागेल.

मग रोज पहाटे टेकडी चढणाऱ्यांचे काय? जमीन संपादित होत नाही तोवर मालकाने कुंपण घातले, तर त्यांच्या हाती कायदेशीर असे काहीच नाही. ब्रिटनच्या संसदेने २००० मध्ये निराळा मार्ग काढला: इंग्लंड आणि वेल्समधील डोंगर व माळरान खासगी मालकीचे राहिले, पण नकाशावर नोंदलेल्या अशा जमिनीवरून पायी जाण्याचा हक्क सर्वांना मिळाला. आपल्याकडे बांधकामबंदीला पुरेसा मोबदला आणि पायवाटेला कायदेशीर हक्क, अशी सांगड घालता येईल. लहान शेतकऱ्याला आणि साठेबाजाला एकच दर लावण्याचेही कारण नाही.

हे सारे करावयास फार अवधी उरलेला नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार आरक्षित जागा दहा वर्षांत संपादित न झाल्यास मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले न पडल्यास आरक्षण रद्द होते. २०१५ पासून मोजली तर ती दहा वर्षे उलटली आहेत.